निळा पाउंड

दम्मामच्या हराजमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, शुक्रवारी सकाळी काय विकायला येईल याचा नेम नसे. एका पथारीवर गाड्यांचे सुटे भाग, शेजारी कुणाच्या तरी मोडलेल्या संसारातल्या कपबश्या, पलीकडे धूळ खात पडलेले टेलिफोन. मी तिथं गेलो होतो टेबलफॅन शोधायला. कॅम्पमधल्या आमच्या खोलीचा एसी मनात येईल तेव्हा बंद पडायचा आणि तक्रार केली की फोरमन 'बुकरा' म्हणायचा. बुकरा म्हणजे उद्या, आणि तो उद्या कधीच उजाडत नसे. फॅन मिळाला नाहीच. मिळाली एक जांभळी नोट.

एका येमेनी म्हाताऱ्याची पथारी होती. जुनी नाणी, तसबीह म्हणजे जपमाळा, बंद घड्याळं आणि प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेल्या नोटा. तरुणपणी एडन बंदरात मुंबईच्या व्यापाऱ्याकडे नोकरी केल्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी येई. मी जांभळी नोट उचलून नुसतीच पाहत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "अंग्रेज का है. दस शिलिंग. लडाई का टाइम."

"ऐसा रंग?"

"पहले लाल था. लडाई में जर्मन लोग नकली नोट बनाने लगा. तो अंग्रेज ने रंग बदल दिया. दस शिलिंग जामुनी. पाउंड नीला."

मी पाकीट हातातून खाली ठेवलं. "क्या बोला? पाउंड?"

"नीला. अजरक." त्यानं शेजारच्या निळ्या बादलीवर बोट ठेवलं. "लडाई से पहले हरा, लडाई के बाद फिर हरा. बीच में नीला."

आजूबाजूला इतकी गर्दी होती, ऊन मी म्हणत होतं आणि मी त्या बादलीकडे बघत खुळ्यासारखा हसत होतो. कारण माझ्या वडिलांना आमच्या गावात 'निळा पाउंड' म्हणतात.

हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. घरटी एक माणूस जहाजावर. आजोबा लढाईच्या काळात गोऱ्यांच्या जहाजावर आगवाले होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम. विलायतेच्या बंदरातून त्यांनी एक पाउंडाची नोट घरी आणली आणि ती आपल्या लाकडी पेटीच्या झाकणाला आतून खळीनं चिकटवून टाकली. जहाजी लोकांची ती रीतच. कुणी मशिदीचं चित्र लावी, कुणी काडेपेटीवरची छाप. आमच्या दमट हवेत सुटा कागद पावसाळ्याला बुरशी धरतो, चिकटवलेला टिकतो, असा हिशोब. लढाई संपल्यावर पहिल्याच खेपेला आजोबा परदेशच्या एका बंदरात तापानं गेले. पेटी तेवढी परत आली. अब्बा तेव्हा लहान होते. पुढं त्या झाकणाला वाळवी लागली आणि नोट, मशीद, काडेपेटी सगळ्याची माती झाली.

अब्बांच्या डोळ्यांपुढून मात्र ती गेली नाही. मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर जहाजाच्या गप्पा निघाल्या की ते सांगायचे, नोटेवर एक बाई बसलेली, हातात भाला, बाजूला ढाल, आणि नोट निळी. कट्ट्यावर एक निवृत्त सारंग बसायचा, म्हणजे खलाशांचा मुकादम. तो लढाईनंतर जहाजावर चढलेला. त्यानं एकदा मांडीवर थाप मारून सांगितलं, "अरे, मी तीस वर्षं पाउंडात पगार घेतला. पाउंड हिरवा असतो. निळा पाउंड तुझ्या बापानं जहाजावरच रंगवला असंल!" झालं. खेड्यातलं नाव एकदा चिकटलं की खळीपेक्षा पक्कं. अब्बा निळा पाउंड झाले, अम्मी निळ्या पाउंडाची बायको आणि मी निळ्या पाउंडाचा पोर. फुटबॉल खेळताना गोल चुकला तरी "निळाच मारला!" म्हणत.

नोटेची आणखी एक गोष्ट घरात चालायची. लहानपणी अब्बांनी थुंकी लावून त्या नोटेचा कोपरा सोडवायचा प्रयत्न केला होता आणि आजोबांनी त्यांना बदडून काढलं होतं. आत्या हसून सांगायची, "ह्याला ती मोडून चणे खायचे व्हते!" अब्बा त्यावर कधी काही बोलत नसत.

त्या शुक्रवारी जांभळी नोट घेऊन मी कॅम्पवर परतलो तो हवेतच. आमचा कॅम्प अबकैकजवळ, प्लांटपासून बसच्या अंतरावर. माझा खोलीसोबती कोल्हापूरकडचा पाइप फिटर. त्याला मी सगळं एका दमात सांगितलं. तो कांदा चिरत होता. म्हणाला, "म्हंजी तुझा बाप खरं बोलतोय हे तुला आज कळलं व्हय? धन्य हाईस मर्दा!" मग सुरी ठेवून म्हणाला, "आता ती निळी हुडकायची. त्याबिगर गप बसायचं न्हाई."

आणि मी गप्प बसलोच नाही. कोणाला पत्त्यांचा नाद, कोणाला फोन कार्डांचा, मला नोटांचा लागला. हराज, खोबर शहरातले सराफ, एकदा कामासाठी हफ्र अल बातिनला पाठवलं तर तिथला जुना बाजारसुद्धा पालथा घातला. लढाईत इंग्रज सैन्यानं जिंकलेल्या मुलखात चालवलेली नोट मिळाली, तिच्यावर मुकुटावर उभा सिंह. तिचा आमच्या खोलीत दोन दिवस पाहुणचार झाला, फिटरनं तिला 'सिंव्हराव' म्हटलं. पण पाउंड निघाला की हिरवा. प्रत्येक वेळी पाकीट उचलायचं आणि उजेडात धरलं की हिरवा. त्या सारंगाचा मला असा राग येऊ लागला की स्वप्नातसुद्धा तो पांढऱ्या दाढीतून हसायचा.

अशात घरून फोन आला. अब्बांच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला होता. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, हा वेगळा. उजवा डोळा गेल्यातच जमा होता आणि डाव्याला नळीतून पाहावं तेवढंच दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं औषधानं टिकवू, पुढचं सांगता येत नाही. अब्बांनी विचारलं एकच, "काबा दिसंल ना तोवर?" गावातल्या काही मंडळींबरोबर त्यांचं उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, यायचं ठरलं.

मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली. अब्बा मक्केला येतायत, त्यांच्या डाव्या डोळ्यात उजेड आहे, आणि तो आहे तोवर निळी नोट त्यांच्या हातात पडली पाहिजे. नंतर मिळाली तर मी तिचं काय करणार? आंधळ्या माणसाला निळं आणि हिरवं सारखंच.

पुढच्या शुक्रवारी येमेनी म्हाताऱ्यासमोर मी उकिडवा बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. आजोबा, पेटी, वाळवी, सारंग, काचबिंदू. तो तसबीह ओढत ऐकत राहिला. बाप शब्द आला तसे त्याचे मणी थांबले. "इन्शाल्ला," एवढंच म्हणाला. या देशात इन्शाल्लाचे शंभर अर्थ असतात आणि त्यातले नव्वद 'नाही' असे असतात, म्हणून मी तोंड पाडून परतलो.

पण म्हाताऱ्याचा इन्शाल्ला उरलेल्या दहांतला निघाला. अब्बा यायच्या थोडे दिवस आधी मी बाजारात शिरलो, तर तो लांबूनच हात हलवत होता. "या हिंदी! ताल, ताल!" म्हणजे ये, ये. मी लोकांच्या पथाऱ्या तुडवत धावलो. त्यानं कुर्त्याच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं.

निळी होती. गडद नाही, विटलेल्या शर्टासारखी, पण निळी. डावीकडं बाई बसलेली, भाला, ढाल, सगळं अब्बांनी सांगितलं तसं. मी न पाहिलेली नोट मला तोंडपाठ होती. मागच्या बाजूला बारीक नक्षी, बँकेची इमारत आणि भाल्यानं अजगर मारणारा घोडेस्वार. ती बाजू मी ओझरती पाहिली, कारण मला कर्तव्य होतं ते रंगाशी.

आणि तिथंच शंकेची पाल चुकचुकली. हिरवी नोट कुणी निळी रंगवली असेल तर? सारंगाची थाप माझ्या मांडीवर बसल्यासारखी मी नोट उलटसुलट करू लागलो. म्हातारा दुखावला नाही. म्हणाला, "लडाई वाला में तार है. कागज के अंदर, लोहे का धागा. पहले के हरे में नहीं. देखो." उन्हात धरून पाहिलं, पण त्या उन्हात डोळेच दिपले. मला एक रेघ आहे असं वाटलं आणि नाही असंही वाटलं.

मग मला आठवलं की मी काय काम करतो.

पाइप जोडले की वेल्डिंगचा एक्स-रे काढतात. त्या फिल्म वाचणं हे माझं काम. फिल्म वाचायला एक पेटी असते, व्ह्यूअर म्हणतात, दुधी काचेमागं भयंकर प्रखर दिवा आणि खाली पायानं दाबायचं पेडल. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून मी जोडांची चित्रं बघायचो. जोडाच्या मधोमध सरळ काळी रेघ दिसली की समजायचं, धातू आतपर्यंत पोचलेलाच नाही. मग रिजेक्ट. फोरमन शिव्या देतो, वेल्डर खाली मान घालतो, जोड कापून पुन्हा भरतात.

"मेरे पास देखने का मशीन है," मी म्हणालो. म्हातारा म्हणाला, घेऊन जा, तार नसली तर परत आण. मीच माझं घड्याळ काढून त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते बंद घड्याळांच्या रांगेत ठेवलं, तर ते एकटंच चालू.

शनिवारी सकाळी फिल्म रूममध्ये पोचलो. दार लावलं, पडदा ओढला. व्ह्यूअरचा दिवा तापतो, फिल्मसुद्धा वाकते, म्हणून नोट काचेवर धरून पेडल क्षणभरच दाबायचं ठरवलं. इतकी वर्षं देवाकडे मागणं असायचं की काळी रेघ दिसू नये. त्या दिवशी मी बिस्मिल्ला म्हणून पेडल दाबलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा काळी रेघ दिसावी म्हणून दुवा मागितली.

दिसली! वरपासून खालपर्यंत, सरळ, काळीशार, एकसंध. मी पेडल सोडलं, पुन्हा दाबलं. होती. पुन्हा दाबलं. "ॲक्सेप्ट!" मी ओरडलो. बाहेरून एका मल्याळी सहकाऱ्यानं दार वाजवून विचारलं, क्या हुआ? मी सांगितलं, काही नाही, जोड पास झाला. त्या दिवशी माझ्या हातून एकही फिल्म चुकली नाही आणि फोरमनच्या शिव्यासुद्धा मला कव्वालीसारख्या लागत होत्या.

आता यापुढं जे झालं त्याबद्दल मी आमच्या फिटरला बरेच दिवस माफ केलं नव्हतं.

कॅम्पातल्या माणसाला कागदाची फार भीती असते. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, गेटपास, दाखले, सगळं घामानं भिजतं आणि धुळीनं खरवडतं. म्हणून जो तो अबकैकच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कागद लॅमिनेट करून आणतो. फिटरला तर त्याचं वेडच. इकाम्याची प्रत, लग्नाचा फोटो, पोरीची पहिली गुणपत्रिका, एवढंच काय, खोलीत पोळ्या लाटायच्या पाळ्यांचा कागदसुद्धा त्यानं लॅमिनेट केला होता, पाळ्या बदलल्या तरी तोच लटकत राहिला.

मक्केला निघायच्या आदल्या दिवशी मी ड्यूटीवरून आलो तर हा दारातच उभा, तोंडभर हसत. "भाई, डोळं मिट. आता उघड." त्याच्या तळहातावर माझी निळी नोट होती. चकचकीत. चारी बाजूंनी जाड प्लास्टिकमध्ये दाबून सील केलेली. मधोमध हवेचा एक बुडबुडा.

नोटा जमवणारा माणूस नोटेला इस्त्रीसुद्धा लावत नाही. हिनं तर गरम रोलरमधून प्रवास केला होता, आणि आता हे प्लास्टिक सोलायला जावं तर कागदच सोलून येणार. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा पांढराफटक पडला. "आरं, तुझ्या अब्बांच्या हातात द्यायची, नमाजाआधी वजूचं पाणी लागंल, घाम लागंल... म्हनून चांगलं जाड मारून दे म्हटलं दुकानवाल्याला." रात्री त्यानं माझ्या वाटच्या पोळ्या लाटल्या आणि मी त्या न बोलता खाल्ल्या.

बसमधून रात्रभर वाळवंट मागं जात होतं आणि माझा राग हळूहळू निवळत होता. विकायची थोडीच होती? रंग निळा होता, बाई जाग्यावर होती, दिवसाउजेडी दिसत होती. तायफ ओलांडेपर्यंत मी पुन्हा इतका आतुर झालो होतो की दर थोड्या वेळानं खिसा चाचपत होतो. शेजारचा सुदानी मला विचारू लागला, पासपोर्ट हरवला का?

मक्केत पोचलो, तर अब्बा वाळले होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं, मग मान तिरकी करून डाव्या डोळ्यात मला बसवलं. उमरा झाला होता, काबा दिसला होता, चेहऱ्यावर समाधान होतं. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर मी त्यांना, ते उतरले होते त्या इमारतीच्या गच्चीवर नेलं, कारण मला भरपूर उजेड हवा होता. वाळत घातलेल्या, यात्रेकरूंच्या एहरामच्या पांढऱ्या चादरींमध्ये त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणालो, "अब्बा, हात पुढं करा."

त्यांनी नोट घेतली. डोळ्याजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ.

"निळी," ते म्हणाले.

"निळी!" मी जवळजवळ नाचलोच. "खरी आहे, अब्बा. मी मशीनवर तपासलीय. लढाईत रंगच बदललेला. त्या सारंगाला सांगा आता!"

मला वाटलं होतं ते त्या बाईला बघत बसतील. पण त्यांनी झटक्यात नोट उलटी केली. अगदी डोळ्याला चिकटवली आणि इंच इंच सरकवत काहीतरी शोधू लागले. मग त्यांचा हात थांबला.

"हाय," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "घोडा हाय."

"हो, घोडेस्वार आहे. पण तुम्हाला कसं ठाऊक? ती बाजू तर चिकटवलेली होती."

ते नोटेवरून अंगठा फिरवत राहिले. "बाप जहाजावर निघाला की मी रडायचो. मग तो पेटी उघडायचा नि म्हणायचा, ह्या बाईच्या मागं एक घोडेस्वार हाय. तो माज्याबरोबर असतो, मला दर्यात काय होऊ देणार नाय. तो घरी असला की मी रोज पेटी उघडून बघायचो. बाईच्या खांद्यामागं बघ, ढालीमागं बघ. घोडा कुठं दिसंना. म्हणून कोपरा सोडवाय गेलो."

"चण्यांसाठी नाही?"

"चणे कसले? घोडा बघायचा व्हता. बापानं मारलं. नि त्याच खेपेला तो गेला, आला नाय." त्यांनी मान वर केली. डोळे वाहत होते, पण ते पुसायला हात रिकामा नव्हता. "मला वाटायचं, मी कोपरा उचलला नि घोडा पळाला. म्हणून बाप एकटा पडला. कोणाला सांगणार हे? तुज्या अम्मीला पण नाय सांगितलं."

आम्ही दोघंही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. चादरी फडफडत होत्या आणि खालून बसचे हॉर्न येत होते. जरा वेळानं अब्बांनी नख नोटेच्या कडेवरून चारी बाजूंनी फिरवलं, प्लास्टिकच्या सीलवरून, एकेका कोपऱ्यापाशी थांबत.

"हे कोणी केलं?"

मी चाचरत फिटरचं सांगितलं.

"शहाणा हाय तो," अब्बा म्हणाले. "आता कोपरा सुटणार नाय."

कॅम्पवर परतल्यावर मी फिटरला हे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या आठवड्यात तो ते मेसमधल्या प्रत्येकाला ऐकवून आला. येमेनी म्हाताऱ्यानं नोटेचे पैसे घेऊन घड्याळ परत दिलं, तेव्हा त्याला चावी दिलेली होती.

अब्बा गावी पोचल्यावर मी फोन केला. पहिला प्रश्न सारंगाचा. कट्ट्यावर नोट दाखवली का? काय म्हणाला तो?

अब्बा हसायला लागले. नोट हातोहात फिरली होती म्हणे. सारंगानं ती टिचकी मारून वाजवून पाहिली, वाकवून पाहिली आणि निकाल दिला, "पाउंड कधी प्लास्टिकचा असतो काय? पोरानं सौदीत छापून आणलाय!" आता पोरं अब्बांना 'प्लास्टिकचा पाउंड' म्हणू लागली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, थांबा, मी पुस्तकं पाठवतो, फोटो पाठवतो, सुट्टीवर येतो तेव्हा त्याला समोर बसवूनच...

"म्हणू दे रे," अब्बा मला मध्येच तोडत म्हणाले. "आजच सकाळी बघितला. घोडा जाग्यावर हाय."